चीनवरील निबंध आणि खमरियाचे फाटक

समकालीन चिनी समाजावर युक्तिवादपर निबंध लिहा, असे विद्यापीठाने सांगितले की आपल्याकडे तीन उत्तरे आधीच शिजवून ठेवलेली असतात. पहिल्या उत्तरातला चीन हुकूमशहा, विस्तारवादी आणि टाकाऊ मालाचा कारखानदार असतो. दुसऱ्यातला चीन अतिजलद आगगाड्यांतून धावतो, दारिद्र्य हटवतो आणि कधीच चुकत नाही. तिसरे उत्तर गाईडातले: अर्ध्या पानात गुण, अर्ध्या पानात दोष आणि शेवटी दोहोंची गोळाबेरीज. पहिले उत्तर भांडवलदारी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी वाहिन्या रोजच्या रोज पुरवतात. दुसरे पुष्कळदा डाव्या चळवळीच्याच घरांतून येते, हे लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्याला गुण बरे मिळतात. तिन्ही उत्तरांत एक गोष्ट मात्र समान असते. लिहिणाऱ्याने चिनी समाजाविषयी एकही प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो.

हा प्रश्न जबलपूरच्या संदर्भात मांडणे विशेष उचित आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १९५६ सालची; १९८३ साली त्याला गोंडवनाच्या राणी दुर्गावतीचे नाव मिळाले. या शहरात भोसल्यांच्या अमलापासून, आणि पुढे रेल्वे, टपाल-तार व शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांच्या ओढीने, मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६२ च्या युद्धानंतरच्या विस्ताराच्या काळात १९६९ साली सुरू झालेला वाहन कारखाना, ही या शहराची ओळख. ज्या शहराच्या घराघरांत तोफेचा आणि बॉम्बचा पगार आला, तेथील विद्यार्थ्याला चीन हा केवळ नकाशावरचा देश राहत नाही. 'चीन' हा शब्द त्याने आजोबांच्या तोंडून युद्धाचा शब्द म्हणून ऐकलेला असतो.

आणि तरीही, चिनी समाजाशी या भागाचा जो खरा संबंध आला आहे तो निबंधात कधी उतरत नाही. १९३८ साली राष्ट्रीय सभेने चीनला जे वैद्यकीय पथक पाठवले त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्याच पथकातले डॉ. चोळकर नागपूरचे, म्हणजे जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते त्याच प्रांताच्या राजधानीचे, हे कोणाला आठवत नाही. त्यापेक्षाही जवळचे उदाहरण बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीचे आहे. जानेवारी १९६३ मध्ये वांग छी हा चिनी सैन्यातला तरुण सरहद्द ओलांडून आला, पकडला गेला, १९६९ पर्यंत तुरुंगात राहिला आणि पुढे तुमसर-तिरोडी रेल्वेवरच्या या मँगेनीजच्या गावी स्थायिक झाला. लोक त्याला राज बहादूर म्हणू लागले. त्याने येथेच लग्न केले, येथेच मुले वाढवली. फेब्रुवारी २०१७ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनंतर, तो शान्सी प्रांतातल्या आपल्या गावी जाऊ शकला. त्याने चीन सोडला तेव्हा तेथे 'मोठ्या झेपे'नंतरच्या दुष्काळाच्या जखमा ओल्या होत्या आणि सांस्कृतिक क्रांती अजून यावयाची होती. परत पाऊल ठेवले ते जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक देशात. या दोन चीनांच्या मध्ये काय घडले, कोणाच्या श्रमावर घडले आणि कोणाच्या पदरात काय पडले, हाच वास्तविक समकालीन चिनी समाजावरील निबंधाचा विषय आहे.

त्याच २०१७ सालच्या जुलैमध्ये जबलपूरचे नाव चीनच्या संदर्भात देशभर गाजले. 'धनुष' तोफेसाठी गन कॅरेज फॅक्टरीला पुरवलेली बेअरिंग जर्मन बनावटीची म्हणून दाखवण्यात आली, प्रत्यक्षात ती चीनमध्ये बनलेली होती, असा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणात होनान प्रांतातील लोयांग या शहराचे नाव आले. वृत्तपत्रांनी देशद्रोहाचे मथळे दिले. लोयांगमध्ये बेअरिंग का बनतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सोव्हिएत साह्याने चीनने जे अवजड उद्योग उभारले त्यांत लोयांगचा बेअरिंग कारखाना आणि ट्रॅक्टर कारखाना होता. म्हणजे भिलाई आणि रांची ज्या काळाची आणि ज्या विचाराची अपत्ये आहेत, त्याच काळाचे हे शहर आहे. त्या कारखान्यांच्या भोवती उभी राहिलेली कामगार वसाहत, तेथली शाळा, तेथले रुग्णालय, १९९० नंतरच्या दशकात चीनच्या सरकारी उद्योगांतून कोट्यवधी कामगार कमी केले गेले तेव्हा अशा वसाहतींचे झालेले हाल, हे सारे खमरियाच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला जितके कळेल तितके दिल्लीच्या वातानुकूलित चर्चागृहात बसणाऱ्या सामरिक तज्ज्ञाला कळणार नाही.

युक्तिवादाचा निबंध म्हणजे काय, याविषयी आपल्या विद्यापीठांतून फार गोंधळ आहे. माहिती भरणे म्हणजे युक्तिवाद असे समजले जाते. खरे तर त्यात एक निश्चित विधान करावयाचे असते, असे की ज्याच्याशी शहाणा माणूस असहमत होऊ शकेल. 'चीनने मोठी प्रगती केली आहे' हे तसे विधान नाही, त्याला कोणी विरोध करणार नाही. 'चीनमध्ये विषमता आहे' हेही नाही. परंतु 'चीनची शहरे ज्यांनी बांधली त्यांना त्या शहरांचे नागरिकत्व राज्याने हेतुपुरस्सर नाकारले', असे म्हटले की लिहिणारा अडकला. आता त्याला पुरावा द्यावा लागेल, आणि विरुद्ध पुराव्याला तोंड द्यावे लागेल.

पुरावा आहे. १९५८ सालच्या नियमांनी चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची 'हुकौ' नोंदणी झाली. जन्माने ग्रामीण नोंद असलेल्याला शहरात रेशन, घर, शाळा, दवाखाना यांवर हक्क राहिला नाही. १९७८ नंतर गावातून शहरात कामाला जाण्याची मुभा मिळाली, पण नोंद गावचीच राहिली. २०२३ अखेर चीनची ६६ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरांत राहत होती. शहरी हुकौ मात्र सुमारे ४८ टक्क्यांचीच होती. मधल्या अठरा टक्क्यांत साधारण पंचवीस कोटी माणसे बसतात. त्याच वर्षीच्या सरकारी आकड्यांनुसार गाव सोडून अथवा शेती सोडून बिगरशेती काम करणारे ग्रामीण कामगार २९ कोटी ७५ लाख होते. शेंझेनमध्ये जगाचे दूरध्वनी जोडणारी मुलगी आपल्या मुलाला त्याच शहराच्या सरकारी शाळेत सहज घालू शकत नाही, म्हणून मूल गावी आजीकडे राहते.

येथपर्यंत कोणताही हुशार विद्यार्थी येतो आणि थांबतो. त्याला वाटते, सिद्ध झाले. पण कस येथूनच लागतो. विरुद्ध बाजू म्हणेल: २०१४ पासून सुधारणा चालू आहेत, छोट्या-मध्यम शहरांत नोंद बदलणे आता अवघड राहिलेले नाही, आणि तरीही लाखो ग्रामीण कामगार शहरी नोंद घेत नाहीत. का? कारण गावच्या नोंदीबरोबर गावच्या जमिनीचा वापरहक्क असतो. काम सुटले, आजारपण आले, म्हातारपण आले, तर परतायला जमिनीचा तुकडा आहे. भारतातल्या भूमिहीन शेतमजुराला एवढाही आधार नाही. म्हणजे जी व्यवस्था एका अंगाने बेडी आहे, तीच दुसऱ्या अंगाने विमा आहे. हा आक्षेप खोटा नाही; तो टाळणारा निबंध नापास करण्याच्या लायकीचा आहे. त्याला सामोरे गेल्यावर मूळ विधान बदलते, अरुंद होते आणि बळकट होते: अन्याय आता सर्व शहरांच्या कायद्यात नाही, तो मोठ्या महानगरांच्या शाळेच्या दारात आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबात साठला आहे. पहिल्या विधानापेक्षा हे विधान कमी गर्जते, पण ते टिकते.

आकड्यांविषयी एक इशारा द्यावयास हवा. चीनसंबंधी आकडे सरकारी आहेत म्हणून फेकून देणे आणि सरकारी आहेत म्हणून डोक्यावर घेणे, दोन्ही आळसाचे प्रकार आहेत. प्रश्न व्याख्येचा असतो. गावी मागे राहिलेल्या मुलांची संख्या २०१३ साली अखिल चीन महिला संघाने सहा कोटींहून अधिक सांगितली. २०१६ साली नागरी व्यवहार मंत्रालयाने ती ९० लाखांच्या आसपास सांगितली. तीन वर्षांत पाच कोटी मुले आईबापांकडे गेली नव्हती. पहिल्या मोजणीत आई किंवा बाप यांपैकी एक जरी बाहेर असला तरी मूल धरले होते. दुसरीत दोघेही दूर असलेली, अथवा एक दूर आणि दुसरा सांभाळण्यास असमर्थ असलेली, सोळा वर्षांखालचीच मुले धरली. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतील बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना वगळणाऱ्या नव्या पद्धतीने तो परत आला, १४.९ टक्के होऊन. या दोन आकड्यांची तुलना करून 'बेकारी घटली' असे लिहिणारा फसला, आणि 'सारेच खोटे' असे लिहिणाराही फसला. उलट सरकारच्याच तोंडचे दोन आकडे शेजारी ठेवले तर विचाराला खाद्य मिळते. मे २०२० मध्ये पंतप्रधान ली खछियांग यांनी साठ कोटी लोकांचे मासिक उत्पन्न सुमारे एक हजार युआन असल्याचे जाहीरपणे सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष शी जिनपिंग यांनी ९ कोटी ८९ लाख ग्रामीण जनतेला टोकाच्या दारिद्र्यातून बाहेर काढल्याची घोषणा केली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. ती कशी, हे दाखवणे म्हणजेच निबंध लिहिणे.

साधनेही आकुंचन पावत आहेत. २०२३ पासून चिनी विद्वत्पत्रिकांच्या मोठ्या संग्रहाचा काही भाग परदेशी वाचकांना बंद झाला. हाँगकाँगमधून तीन दशके चिनी कामगारांचे संप नोंदवणारे 'चायना लेबर बुलेटिन' जून २०२५ मध्ये बंद पडले. जबलपूरच्या विद्यार्थ्याला चिनी भाषा येत नाही, इंग्रजी पुस्तक महाग असते, हिंदी-मराठीत नवे काही क्वचितच येते. तरीही निमित्त सांगण्याचे कारण नाही. १९३० साली माओ त्से-तुंग यांनी शुनवू या आडवळणाच्या जिल्ह्यात बसून तेथल्या बाजारातील दुकानेसुद्धा एकेक करून नोंदवली होती. तेव्हा त्यांच्या हाती कोणते ग्रंथालय होते? आणि ज्या चीनमध्ये हे घडले त्याच चीनने १९५२ साली विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकला, तो १९७९ पर्यंत परत आणला नाही. फेइ शियाओथुंग यांच्यासारख्या, शेतकऱ्याच्या गावावर आयुष्य घालवलेल्या अभ्यासकावर १९५७ साली 'उजवा' असा शिक्का बसला. समाजाचा अभ्यास नको झाला की समाज कळेनासा होतो. त्यानंतरच्या पाच वर्षांत खेड्यांतून आलेले धान्य-उत्पादनाचे फुगवलेले आकडे खरे धरून धान्य उचलले गेले आणि माणसे भुकेने मेली.

त्या दुष्काळाचा उल्लेख आला की आपल्याकडे एका बाजूला विजयोत्सव आणि दुसऱ्या बाजूला मौन सुरू होते. या ठिकाणी ज्याँ द्रेझ व अमर्त्य सेन यांनी १९८९ साली मांडलेला युक्तिवाद विद्यार्थ्याने नमुना म्हणून समोर ठेवावा. त्यांनी १९५८ ते १९६१ च्या दुष्काळातले सुमारे तीन कोटी मृत्यू मान्य केले, आणि स्वतंत्र वृत्तपत्रे व विरोधी पक्ष असते तर हे इतके दिवस दडपले गेले नसते असेही म्हटले. पण ते तेथेच थांबले नाहीत. भारताचा सर्वसाधारण मृत्युदर चीनपेक्षा इतका अधिक होता, की दुष्काळ न पडता, वृत्तपत्रात मथळा न येता, दर आठ वर्षांनी भारतात तितकेच अधिकचे मृत्यू होत होते, हे त्यांनी दाखवले. हा युक्तिवाद कोणत्याच छावणीला सोयीचा नाही, म्हणून दोन्ही छावण्या त्याचा अर्धा भाग वापरतात.

चीनला लावलेले माप घरी लावून पाहिल्याशिवाय ते माप खरे आहे की खोटे हे कळत नाही. भारतात हुकौ नाही. राज्यघटना कोणत्याही नागरिकाला कोठेही राहण्याचा अधिकार देते. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. त्यांचे मृतदेह खास गाडीने आले ते जबलपूरमार्गेच. त्यांच्याजवळ कोणतीही 'नोंद' अशी नव्हती जी त्यांना जालन्यात थांबवू शकली असती, आणि कोणताही हक्क असा नव्हता जो त्यांना तेथे पोसू शकला असता. गावचे रेशनकार्ड गावातच होते. टाळेबंदीत परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती आपल्याकडे नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संसदेला सांगितले. चीनच्या सरकारने बेकारीचा आकडा दडवला म्हणून ज्याने निबंधात उद्गारचिन्ह घातले, त्याने येथेही एक घालावे.

संपाच्या हक्काचेही तेच. चीनच्या १९७५ व १९७८ च्या राज्यघटनांत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. १९८२ च्या राज्यघटनेतून ते काढण्यात आले. कामगारांच्या राज्यात कामगाराने संप कोणाविरुद्ध करावयाचा, असा त्यामागचा तर्क सांगितला जातो. हा तर्क २०१० साली नानहाईच्या होंडा कारखान्यातील कामगारांना पटला नाही. त्यांनी संप केला आणि पगारवाढ घेतली. २०१८ च्या उन्हाळ्यात शेंझेनच्या जासिक कारखान्यातील कामगारांनी युनियन स्थापण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या पाठिंब्याला जे विद्यार्थी धावले ते पेकिंग विद्यापीठातल्या आणि इतर विद्यापीठांतल्या मार्क्सवादी अभ्यासमंडळांचे होते. पोलिसांनी त्यांनाही उचलले. आपल्या अभ्यासक्रमातला मार्क्स त्यांनी खरा मानला होता.

आता खमरियाच्या फाटकापाशी यावे. शस्त्रनिर्मिती कारखान्यांच्या कंपनीकरणाविरुद्ध २० ऑगस्ट २०१९ पासून देशभरच्या ४१ कारखान्यांतील कामगारांनी संप पुकारला, तेव्हा जबलपूरचे कारखानेही त्यात होते. बोलणी होऊन काही दिवसांत तो स्थगित झाला. ३० जून २०२१ रोजी अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला: अत्यावश्यक संरक्षण सेवांत संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. मंडळ विसर्जित करून १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्या झाल्या. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी एका कंपनीत गेली, खमरिया दुसरीत. कायद्याची मुदत एक वर्षाची होती. ज्या कामासाठी तो केला होता ते काम त्याआधीच उरकले होते. येथे राज्याने 'हे कामगारांचे राज्य आहे' असा दावा केला नाही, 'हे राष्ट्राच्या संरक्षणाचे काम आहे' असा केला. दोन देश, दोन समर्थने, आणि कामगाराच्या हातातून गेलेली वस्तू एकच. येथे फरकही सांगितला पाहिजे, नाहीतर युक्तिवाद भोंगळ होईल: जबलपूरचा कामगार न्यायालयात जाऊ शकला, सभा घेऊ शकला, त्याच्या बाजूने लिहिणारे वृत्तपत्र छापले गेले. शेंझेनच्या कामगाराला यातले फारसे काही उपलब्ध नव्हते. हा फरक किती मोलाचा आणि तो कारखाना वाचवू शकला नाही तो का, हा निबंधाचा सर्वांत कठीण परिच्छेद ठरेल.

पक्ष-सभासदांनी हा विषय विद्यार्थ्यांवर सोडून मोकळे होऊ नये. १९६२ नंतर आणि १९६४ च्या फुटीच्या काळात चीन हा वादाचा विषय होता खरा, पण त्या वादात चिनी शेतकरी काय खातो आणि चिनी कामगाराला काय मिळते याची चर्चा किती झाली, हे जुन्या अंकांतून शोधूनच पाहावे. पुढे एका गटाने चीनच्या अध्यक्षाला आपला अध्यक्ष म्हटले. फेब्रुवारी १९७९ मध्ये चिनी सैन्य समाजवादी व्हिएतनाममध्ये शिरले तेव्हा अनेकांना शब्द सापडेनात. १९८९ च्या जूनमध्येही तेच झाले. शब्द सापडत नाहीत याचे कारण भावनेचा धक्का एवढेच नसते. ज्या समाजाविषयी आपण फक्त निष्ठेने किंवा फक्त रागाने बोलत आलो, तो समाज अचानक वागला म्हणजे बोलायला काही उरत नाही.

जबलपूर, नागपूर, इंदूर, भोपाळ येथील अभ्यासवर्गांना हे सहज करता येण्यासारखे आहे. चीनवरील निबंध मराठीत लिहून घ्यावा, दोन हजार शब्दांचा, एकाच प्रश्नावर. निवृत्तीचे वय हा प्रश्न घेता येईल: १ जानेवारी २०२५ पासून चीनने ते पुरुषांसाठी साठावरून त्रेसष्टकडे आणि स्त्रियांसाठी पन्नास-पंचावन्नवरून पंचावन्न-अठ्ठावन्नकडे टप्प्याटप्प्याने नेण्यास सुरुवात केली, आणि देशाची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली आहे. हा निर्णय कामगाराच्या हिताचा की विरोधाचा, हे एकाने मांडावे; विरुद्ध बाजूचा परिच्छेद दुसऱ्याने, तितक्याच तयारीने, लिहून द्यावा आणि पहिल्याने तो न कापता आपल्या निबंधात घालून त्याला उत्तर द्यावे. वर्गात वाचन होईल तेव्हा खमरिया किंवा वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले दोन कामगार बोलवावेत, एक जुन्या निवृत्तिवेतनाचा आणि एक २००४ नंतर भरती झालेल्यांच्या नव्या योजनेतला, असा कोणी आधीच बाहेर पडला असेल तर. प्रश्न त्यांना विचारू द्यावेत.